अर्जंटचा बंदोबस्त

'अर्जंट' या शब्दाला वठणीवर आणायचं कायदेबुवांनी ठरवलं, तेव्हा त्यांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. आठ महिन्यांत एक शब्द सरळ होणार नाही, अशी शंकाही त्यांच्या मनाला शिवली नाही. मुळात शंका ही गोष्ट त्यांच्याकडे फारशी येतच नसे. आली तरी कुठल्या कलमाखाली आलीस, असं विचारून ते तिला परत पाठवत.

कायदेबुवा हे अर्थात टोपणनाव. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळणाऱ्या या हेडक्लार्कला सहकाऱ्यांनी ते चेष्टेनं दिलं आणि त्यांनी ते पदवी मिळाल्यासारखं घेतलं. घरी पत्नी 'अहो' म्हणे. तिच्या 'अहो'च्याही तीनचार पायऱ्या होत्या, पण त्यांचा अभ्यास कायदेबुवांनी कधी केला नव्हता. त्यांचं सगळं लक्ष ऑफिसातल्या शब्दांवर असे.

आणि ऑफिसात 'अर्जंट'नं अगदी ऊत आणला होता. दिवसाला तीनशे कागद येत. त्यातल्या दोनशे नव्व्याण्णवांवर 'अर्जंट' असा लाल शिक्का असे. उरलेला एक कागद शिक्क्याची शाई संपल्याचा असे, म्हणून तो तेवढा सुटे. मोठा पाइप फुटला, अर्जंट. कुणाला मेहुण्याकडे जायला अर्ध्या दिवसाची रजा हवी, अर्जंट. चार वर्षांपूर्वी हरवलेल्या छत्रीच्या स्टँडची चौकशी, तीही अर्जंट. एकदा तर 'आपल्या सोयीनुसार कधीही कळवावे' अशा पत्राच्या डोक्यावर अर्जंटचा शिक्का आला. त्या कागदाची आवक-नोंद कायदेबुवांनी दोनदा खोडून तिसऱ्यांदा केली होती.

सगळंच अर्जंट झाल्यावर लोकांनी 'मोस्ट अर्जंट' काढला. मग 'व्हेरी मोस्ट अर्जंट'. पाइप दुरुस्त करणारा फिटर तर शिक्क्याकडे बघायचंच विसरला होता. ढिगाच्या वरचा कागद घ्यायचा आणि निघायचं, हा त्याचा नियम. त्यामुळे सर्वांत जुनी तक्रार सर्वांत खाली जाऊन तिथंच म्हातारी होई.

"शब्द झिजलाय," कायदेबुवा घरी जेवताना म्हणाले. "जुनं नाणं झिजतं तसा. आता तो वाजत नाही."

"भाजी वाढू का?" पत्नी म्हणाली.

त्याच रविवारी ते परिपत्रकाचा मसुदा करायला बसले. अशा लेखनाला शांतता लागते. त्यांनी रेडिओ बंद केला, पंखा बंद केला, पत्नीचं बोलणं बंद केलं, घरात जे जे म्हणून गुणगुणत होतं ते सगळं बंद केलं आणि संध्याकाळपर्यंत सात पानं लिहून काढली. सातवं पान नुसत्या व्याख्येचं होतं. 'अर्जंट म्हणजे असे काम, जे आज न झाल्यास उद्या करण्यात अर्थ उरत नाही.' हे वाक्य त्यांनी स्वतःला तीनदा वाचून दाखवलं. तिन्ही वेळा ते त्यांना आवडलं.

योजना साधी होती. सगळे शिक्के जमा करायचे. दिवसाला अख्ख्या कार्यालयात फक्त पाच कागद अर्जंट. ज्याला अर्जंट हवं त्यानं एक फॉर्म भरायचा आणि खाली स्वतःच्या सहीनं जाहीर करायचं, की माझं काम खरोखर अर्जंट आहे. फॉर्मवर तीन प्रश्न. काम आज न झाल्यास काय होईल? उद्या झाल्यास काय होईल? कधीच न झाल्यास कुणाच्या लक्षात येईल? बाकीचे सगळे कागद 'सवडीने' असं लिहिलेल्या लाकडी पेटीत. पेटी महिन्याच्या शेवटी उघडायची.

मोठ्या साहेबांनी मसुदा वाचला. म्हणजे वजन बघितलं. "कल्पना उत्तम आहे," ते म्हणाले. "अर्जंट करून टाका."

कायदेबुवांनी हा घाव सोसला. परिपत्रक सगळ्या विभागांत गेलं आणि चार दिवस कुणी उघडलंच नाही, कारण त्यावर अर्जंट लिहिलेलं नव्हतं. शेवटी मन घट्ट करून त्यांनी अर्जंट बंद केल्याच्या परिपत्रकाच्या सगळ्या प्रतींवर स्वतःच्या हातानं अर्जंटचा शिक्का मारला. तो शेवटचाच, असं त्यांनी शिक्क्यालाही सांगितलं.

शिक्के जमा करायला गेले तेव्हा नोंदीत बारा होते, निघाले त्रेचाळीस. एक कँटीनमध्ये सापडला. कँटीनवाला तो चहाच्या कुपनांवर मारत असे. भांडार विभाग म्हणाला, आम्ही बाराच दिले होते, बाराच परत घेणार. वरचे एकतीस घ्यायचे तर ते आधी दिल्याचं दाखवा. एकतीस शिक्क्यांची गाठोडी घेऊन कायदेबुवा तीन दिवस तीन मजले फिरले आणि अखेर ती स्वतःच्या टेबलाच्या खणात कोंबून त्यांनी कुलूप लावलं. खण पुन्हा नीट बंद होईना. त्यांचा गुडघा त्यावर रोज दोनदा आपटे. पण मोठ्या कार्याला थोडं रक्त द्यावंच लागतं, असं ते स्वतःला बजावत.

बातमी फुटल्यावर बिल्डिंगमधल्या लोकांनी सल्ले देणं ओघानंच आलं. सल्ल्यांत सगळ्यात पुढे तळमजल्यावरचा शिंपी. या माणसाचं दुकान जिन्याच्या तोंडाशी, त्यामुळे त्याला चुकवून घरी जाता येत नसे.

"माझ्याकडे बघा," शिंपी टेप गळ्यात टाकत म्हणाला. "अर्जंट म्हणजे चार दिवस. साधं म्हणजे तुम्ही विसरेपर्यंत. गिऱ्हाईक खूश, मी खूश. तुम्ही उगाच लष्कराच्या भाकऱ्या भाजताय."

"व्याख्या हवी," कायदेबुवा म्हणाले.

"व्याख्येला काज-बटण लागत नाही, म्हणून तुम्हाला परवडते," शिंपी म्हणाला आणि मशीन चालवू लागला.

ऑफिसातली माणसंही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हती. 'अर्जंट' गेला तर 'तातडीचे' आला. तो बंद केला तर 'निकडीचे'. मग लाल शाई. लाल शाई बंद केल्यावर कुणी कागदाचा कोपरा दुमडू लागले. दुमडलेला कोपरा म्हणजे काय ते सगळ्यांना दोन दिवसांत कळलं, परिपत्रक न काढता. पाचांचा कोटा सकाळी सव्वादहाला संपे, आणि त्यातले तीन मोठ्या साहेबांच्या खोलीतून आलेले असत. साहेबांच्या खिडकीचा पडदा एका बाजूनं लोंबत होता. 'कधीच न झाल्यास कुणाच्या लक्षात येईल' यापुढे साहेबांनी लिहिलं होतं, 'माझ्या.' यावर कायदेबुवांकडे कलम नव्हतं.

तरीही ते खचले नाहीत. हसणारी माणसं उद्या मानतील, याची त्यांना खात्री होती. फक्त एक उदाहरण हवं होतं. एक तरी माणूस असा, ज्याला अर्जंट म्हणजे काय ते कळतं.

तो माणूस त्यांच्या डोक्यावरच राहत होता.

वरच्या, तिसऱ्या मजल्यावर नर्सबाई एकट्या राहत. वय चौऱ्याहत्तर. शेजारचं घर बरीच वर्षं बंद. चाळीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात काढलेल्या या बाईंचा आवाज आजही असा, की जिन्यातली पोरं तो ऐकून शर्टाची बटणं लावत. त्यांच्या नळाला पाणी येईनासं झालं होतं. कायदेबुवांच्या पत्नीनं ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"अहो, वरती बाईंकडे पाणी नाही. तुमच्याच ऑफिसचं काम आहे."

"अर्ज द्यायला सांग. घरात मी हेडक्लार्क नाही."

"ते दिसतंच आहे," ती म्हणाली. तिनं बादली भरली आणि पदर खोचून जिना चढायला लागली.  सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन बादल्या ती वर नेऊ लागली. त्यांच्या स्वतःच्या बाथरूममध्ये पाणी धो धो येत होतं.

महिन्याभरानं कायदेबुवा स्वतः फॉर्म घेऊन वर गेले. शेजारधर्म आणि नियम एकाच फेरीत सांभाळावे, हा हेतू.

"बाई, इथं सही करा. काम अर्जंट असल्याचं जाहीर करायचं. उद्याच्या पाचांत तुमचा पहिला नंबर लावतो."

नर्सबाईंनी चष्मा लावून फॉर्म अथपासून इतिपर्यंत वाचला. मग परत दिला.

"भाऊ, मी खोटी सही करत नाही. बाळ पायाकडून येतंय आणि डॉक्टर जेवायला गेलेत, त्याला अर्जंट म्हणतात. माझ्या नळाला पाणी नाही ही गैरसोय झाली. मी साधा अर्ज लिहून ठेवलाय, तो न्या."

कायदेबुवांचे डोळे भरून आले. एकतीस वर्षांत प्रथमच त्यांना कुणी एवढी स्वच्छ व्याख्या ऐकवली होती, आणि तीही सात पानांशिवाय. त्यांनी अर्ज घेतला. डोळ्यांतल्या पाण्यामुळे त्यांना फक्त शेवटची ओळ दिसली: 'घाई नाही. सवडीने पाहावे.'

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या ओळीखाली हिरवी रेघ मारली, स्वखर्चानं फ्रेम करून घेतली आणि अर्ज कार्यालयाच्या दारातल्या फलकावर लावला. वर मोठ्या अक्षरांत 'आदर्श अर्ज', खाली 'हात लावू नये'. येणारेजाणारे थांबून बघत. मोठे साहेब पाहुण्यांना दाखवत. कायदेबुवा रोज सकाळी काच पुसत आणि पुसताना मान थोडी उंच करत.

आता बघा, ढिगातला कागद कधी ना कधी वर येतो. पेटीतला कागद महिन्याच्या शेवटी निघतो. पण भिंतीवरच्या कागदाचं काम करायचं असतं, हे कुठल्याही कार्यालयाच्या ध्यानात येणं शक्य नाही.

फ्रेम लागल्याच्या विसाव्या दिवशी संध्याकाळी कायदेबुवा घरी परतले तेव्हा जिन्यात गर्दी होती. गर्दी म्हणजे शिंपी. मधल्या पायरीवर त्यांची पत्नी बसली होती. बाजूला बादली अर्धी सांडलेली, आणि ती एका हातानं गुडघा दाबत होती.

"काय झालं?" कायदेबुवांच्या आवाजातून हेडक्लार्क एकदम निघून गेला होता.

"काही नाही. गुडघा अडला."

"बाम लावा म्हणतोय मी कधीचा," शिंपी म्हणाला. मग कायदेबुवांकडे वळून हळूच, "पाणीपुरवठ्याच्या साहेबांची बायको पाणी वाहते. याला काय म्हणतात, माहीत आहे ना? दिव्याखाली अंधार."

कायदेबुवा पत्नीपाशी पायरीवर वाकले. ती ओरडली असती तर बरं, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं. ती नुसती म्हणाली, "उद्यापासून तुम्ही न्या."

त्यांनी उद्याची वाट न बघता ती बादली उचलली. वर पोचेपर्यंत पाव बादली त्यांच्या डाव्या बुटात गेली होती. चार खेपा झाल्या तेव्हा त्यांचा श्वास भात्यासारखा चालत होता आणि आपली बायको पन्नास दिवस हे करत होती, हा हिशेब प्रथमच त्यांच्या छातीत उतरला. त्यांना स्वतःची लाज वाटली. खरीखुरी, कानशिलं तापवणारी.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्यांनी फिटरला गाठलं.

"तिसऱ्या मजल्यावरचं पाणी आज बघून घे."

"फॉर्म?" फिटर म्हणाला.

"फॉर्म नाही."

"मग अर्जंट नाही. पेटीत टाकलाय का?"

"पेटीत नाही. फलकावर आहे."

फिटरनं फलकाकडे बघितलं. "तो आदर्श? त्याला हात लावू नका असं तुम्हीच लिहिलंय, साहेब."

लिहिलं होतं. त्याच ठसठशीत अक्षरात. खणात एकतीस शिक्के होते, किल्ली खिशात होती, पण बाईंची सही नव्हती, आणि ती त्या देणार नव्हत्या. आपण बांधलेल्या भिंतीला आपणच दार ठेवायला विसरलो, हे कायदेबुवांना कळून चुकलं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि एकतीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं.

"जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे चहाला येशील का?" ते पुटपुटले. "सहज. येताना नळाचे पाने घेऊन ये."

"साहेब," फिटर हसत म्हणाला, "असं आधी सांगितलं असतं तर कधीच आलो असतो."

दुपारी फिटर आला. वर जाऊन त्यानं नळ सोडून पाहिला, पाइपला कान लावला, मग पाइपच्या मागोमाग एकेक पायरी खाली उतरत थेट कायदेबुवांच्या बाथरूममध्ये शिरला. मागे कायदेबुवा, त्यांच्यामागे लंगडत पत्नी, आणि दुकान बंद करून आलेला शिंपी. सगळ्या कामाला चार मिनिटंही लागली नसतील.

"वरची लाइन इथून जाते," फिटर वर हात करून म्हणाला. "आणि हा कॉक कुणीतरी बंद केलाय. गच्च आवळलाय की हो! कुणी केला?"

बाथरूममध्ये शांतता पसरली. तशीच शांतता, जशी मोठ्या लेखनाला लागते.

"त्या रविवारी," पत्नी सावकाश म्हणाली, "तुमचं ते परिपत्रक चाललं होतं. पाइप शिटी मारतो, शब्द सुचत नाही म्हणून तुम्ही इथं स्टूल घेऊन आला होतात."

कायदेबुवांना ते स्टूल आठवलं. फिटरनं पाना लावून कॉक फिरवला. पाइपनं एक लांब शिटी मारली आणि वर तिसऱ्या मजल्यावर उघडा राहिलेला नळ धबधबा वाहू लागला. तो आवाज खालपर्यंत आला. शिंपी काही बोलणार होता. पण त्यानं कायदेबुवांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, गळ्यातला टेप काढला, पुन्हा घातला आणि मुकाट्यानं जिना उतरून गेला. त्या माणसाच्या हातून आयुष्यात झालेलं हे सर्वांत मोठं सौजन्य असावं.

कायदेबुवा वर गेले. नर्सबाई नळाखाली हात धरून उभ्या होत्या.

"बाई, कॉक मीच बंद केला होता. माझ्या बाथरूममधला. आणि तुमचा अर्ज मी काचेत लावून ठेवला." एवढं बोलायला त्यांना एक परिच्छेदही लागला नाही.

नर्सबाईंनी हात पुसले. रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. "पाणी आलं ना? मग झालं. वहिनींना सांगा, आता बादली नको म्हणावं. माझं ऐकत नाहीत त्या."

काम झालं की कागद बंद करायचा, हा नियम मात्र खरा होता. कायदेबुवा उरलेल्या दुपारी ऑफिसात गेले, फलकावरची फ्रेम काढली आणि काखेत घालून घरी आणली. स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून त्यांनी मागचे खिळे उपटले आणि अर्ज बाहेर काढला. अर्जाच्या पाठीवर 'विलंबाचे कारण' असा रकाना आखून त्यात त्यांनी लिहिलं: 'अर्ज आदर्श असल्याने त्यावर कार्यवाही झाली नाही. दोष माझा.' खाली पूर्ण सही केली. ही सही साहेबांपुढे जाणार, सगळ्या विभागांत फिरणार, आणि निवृत्तीच्या दिवसापर्यंत लोक तिची गोष्ट सांगत राहणार, हे ठाऊक असूनही त्यांनी पेन टेबलावर ठेवलं नाही. दोष माझा, याखाली त्यांनी एक रेघही मारली.

पत्नी समोरच्या खुर्चीवर गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी धरून बसली होती.

"एवढं काय लिहिलंय हो त्यात?" ती म्हणाली. "तीन आठवडे काच पुसताय म्हणे."

"थांब, वाचून दाखवतो," कायदेबुवा म्हणाले. खरं तर आपणही तो पहिल्यापासून कधी वाचलेला नाही, हे त्यांच्या त्याच क्षणी लक्षात आलं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि ऑफिसातल्या खड्या आवाजात सुरुवात केली.

"महोदय, तिसऱ्या मजल्यावरील माझ्या घरी महिन्यापूर्वीच्या एका रविवारपासून पाणी येत नाही. मी एकटी राहते, मला पाणी थोडे लागते. खालच्या बाई रोज चार बादल्या वर आणून देतात. नको म्हटले तरी ऐकत नाहीत. त्यांचे गुडघे दुखतात. त्या कुणाला सांगत नाहीत, पण जिना उतरताना मला ऐकू येते. त्यांच्यासाठी हे काम लवकर व्हावे. माझ्यापुरते म्हणाल तर..."

कायदेबुवा तिथं थांबले. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. 

"मग?" पत्नीनं विचारलं. "पुढे काय आहे?"

कायदेबुवांनी हिरव्या रेघेकडे बघितलं.

"पुढे," ते म्हणाले, "घाई नाही, असं आहे."